एक पाऊल वाजतं, एक मुकं

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

आज आमच्या वाचनालयाचा दवाखाना झाला. म्हणजे मंगळवारी आणि गुरुवारी झाला. बाकीचे दिवस ते वाचनालयच राहील, असा शब्द दीपमाळ प्रतिष्ठानच्या गिरिधररावांनी दिला आहे. पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवली, जुनी शहाबादी काढून नव्या चकचकीत टाइल्स बसवल्या, मधे टेबल, दोन बाकं आणि वजनकाटा. मंगळवारी दीपमाळचे लोक शुगर आणि बीपी पाहणार. गुरुवारी मेडिकल कॉलेजची डॉक्टर येणार. लोकांना घरातून ओढून आणायचं काम कौसल्याबाईंच्या बचत गटाचं. तीन संस्था, आणि रेल्वेलाइनच्या अलीकडची आमची एवढीशी वस्ती. तीन महिने करून पाहायचं. लोक आले तर पुढे चालू, नाही आले तर सामान दुसऱ्या वस्तीत. हेही गिरिधररावांनीच सांगितलं, पण हसून.

माझ्याकडे नावं पुकारायचं काम. सावनेरच्या शाळेत उभी हयात हजेरी घेण्यात गेली, तेव्हा आवाज अजून शाबूत आहे. पहिलंच नाव नत्थूचं निघालं. नत्थू रामटेके, माझा शेजारी, रिक्षा ओढून गुडघे झिजवलेला गडी. तो बाकावरून उठून ओरडला, "हजर, गुरुजी!" सगळे हसले, आणि मग जो तो "हजर" म्हणूनच उठू लागला. म्हातारे चेहरे, पण आवाज चौथीतले. मला क्षणभर खिडकीबाहेर कडुलिंब दिसला. तो सावनेरच्या शाळेचा. इथे खिडकीबाहेर विजेचा खांब आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डॉ. मेघा आल्या. कळमेश्वरच्या. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. त्यांचे आजोबा कापूस वेचायला जायचे, असं त्यांनीच सहज सांगितलं. पांढरा कोट, खिशात तीन पेनं. वस्तीतल्या बायका औषधापेक्षा त्या कोटाकडेच पाहत होत्या. आपल्यातली पोरगी!

त्या म्हणतात की शुगरवाल्यांचे पाय तपासणं फार महत्त्वाचं. पायाची जाणीव जाते, जखम झालेली कळत नाही, आणि मग पाय कापावा लागतो. कौसल्याबाई मधेच म्हणाल्या, "मले सांगू नका डॉक्टरीनबाई. माह्या घरी झालं आहे." त्यांच्या यजमानांचा पाय गुडघ्याखाली काढला होता. सुरुवात कशाने झाली तर चपलेच्या अंगठ्याने. वर्षभरात माणूस गेला. तेव्हापासून या बाईला पायाचं वेड आहे. ही दवाखान्याची कल्पनाही मुळात तिचीच. ती दोन्ही संस्थांच्या दारात जाऊन बसली होती.

९ फेब्रुवारी, रविवार

सीताबर्डीवरून नवी चप्पल आणली. नवी चप्पल म्हटली की आठ दिवस चावायची, हा आजवरचा अनुभव. लहानपणी तर आई तेल चोळून द्यायची. ही मात्र पहिल्या दिवसापासून अजिबात चावली नाही. आताचा माल खरोखर सुधारला आहे.

यंदा फेब्रुवारीतच ऊन जाणवतंय. घसा सारखा कोरडा. संत्री उतरलीत म्हणून बरं. दिवसाला पाच-सहा सहज होतात. पँट कमरेला सैल झाली, टेलरकडे टाकावी लागेल. म्हातारपणी माणूस हलका होत जातो, ते एका अर्थी सुंदरच. पिकलं पान कसं देठाशी सैल होतं, तसं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दीपमाळकडे गर्दी चांगली. लोक बोट टोचून घ्यायला घाबरत नाहीत. चहाच्या वेळी गिरिधरराव म्हणाले, "गुरुजी, तुमचं तर कॉलेजवाल्यांनी केलंच असेल?" मी मान हलवली. त्यांनी मला आणखी एक चहा दिला. त्यांचा चहा फार गोड असतो, माझ्या आवडीचा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस फसला. आणि का फसला ते डॉ. मेघांना कळेना. मला मात्र पूर्ण कळलं.

नत्थूला स्टुलावर बसवलं. डॉक्टरीनबाई खाली, जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि त्याचा पाय हातात घेतला. नत्थूने विंचू चावल्यासारखा पाय वर ओढला.

"अवो बाई, पाया काहून पडून राहिल्या?"

"पाया नाही पडत काका, पाय पाहते."

"एकच आहे ते. उठा तुमी. पहिले उठा."

"काका, दोन मिनिटं लागतील."

"एवढी शिकलेली पोरगी माह्या पायापाशी बसन? माह्या बापानं पाहिलं असतं तं मले हानलं असतं." आणि तो चपला हातात घेऊन निघून गेला. बाहेर जाऊन त्याने काय सांगितलं कोण जाणे, पण त्याच्यानंतर जे बसले त्यांनीही तेच केलं. एका आजीने तर पाय पोटाशी घेऊन डॉक्टरांच्याच डोक्यावर हात ठेवला आणि "सुखी राह्य माय" म्हणून घरची वाट धरली.

डॉ. मेघा हसत होत्या, पण डोळे भरले होते. "सर, यांना माझा राग आहे का?"

कसं सांगू त्यांना? राग असता तर सोपं होतं. या लोकांनी पोटाला चिमटा घेऊन पोरं शाळेत घातली ती कुणाच्या पायाशी बसावी लागू नयेत म्हणून. कोट घातलेली पोरगी खाली आणि आपला भेगाळलेला पाय तिच्या मांडीवर. हे त्यांना पाहवत नाही. मलाही पाहवलं नाही. मी नजर कपाटातल्या पुस्तकांकडे वळवली.

निघताना त्या म्हणाल्या, "सर, तुमचं कार्ड दीपमाळकडे असेलच ना?" मी मान हलवली. उगाच त्यांचा आणखी वेळ कशाला घ्यायचा? शिवाय हजेरी घेणारा स्वतःचं नाव पुकारत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पेपरातली अक्षरं हल्ली एकमेकांत मिसळतात. छपाई खराब झाली आहे की माझा चष्मा, ठरवता येत नाही. त्यामुळे पाठ असलेल्या कवितांवर वेळ काढतो. पाठ केलेलं किती कामाला येतं, हे आताच्या पोरांना कोण सांगणार? आमच्या वेळी गण पाठ होते, यमाताराजभानसलगं म्हणत शाळेतून घरी यायचो. पावलं आपोआप लघू-गुरू पडायची.

रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. न्हाणीच्या मोरीपाशी मुंग्यांची रांग लागलेली असते. मुंग्या किती शिस्तीच्या! त्यांच्यावर एक कडवं मनात आलं होतं, सकाळी आठवेना.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पायाच्या तपासणीला आज एकही माणूस नाही. ताप-खोकल्याला आले, डोळ्याला आले, पायाला नाही.

गिरिधररावांनी मीटिंग घेतली. त्यांचं म्हणणं, कॉलेजने लोकांना नीट समजावलं नाही. डॉ. मेघांचं म्हणणं, समजावणं दीपमाळकडे ठरलं होतं. "समन्वय" हा शब्द इतक्यांदा आला की मी त्याचं वृत्त शोधू लागलो.  शेवटी कौसल्याबाई म्हणाल्या, "तुमी दोघं भांडून घ्या आरामानं. मी तवरिक पाय आनतो."

गिरिधरराव जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले की मार्च अर्ध्यावर यायच्या आत पायाचं काम सुरू झालं नाही, तर कॉलेज डॉक्टर दुसरीकडे देईल, आणि डॉक्टर नसेल तर दीपमाळला नुसतं बोट टोचून काय करायचं. यावेळी ते हसले नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

सुशीलचा पुण्याहून फोन. "बाबा, तुम्ही तुमचं चेकअप करता ना?" म्हटलं, अरे, अख्खा दवाखाना माझ्याच वाचनालयात आहे! तो निर्धास्त झाला.

संध्याकाळी कौसल्याबाई भाजी देऊन गेल्या. दारात थांबून माझ्याकडे पाहत राहिल्या. "गुरुजी, तुमी वाळून काहून राहिले?"

"उन्हाळा आला बाई."

"उन्हाळा सगळ्यायले आला. वाळले तुमी एकटेच." त्यांची जीभ तिखट आहे. माझी बायको वच्छला आज असती तर दोघींचं जमलं असतं.

२ मार्च, रविवार

डॉ. मेघांनी पायांची चित्रं असलेलं मोठं पोस्टर पाठवलं. लावायला मी माझा पितळी ड्रॉइंग पिनांचा डबा काढला. निवृत्तीच्या दिवशी शाळेच्या फलकावरून काढून आणलेल्या पिना. आताच्या प्लास्टिकच्या टोप्यांना ती ऐट नाही. पितळेचं गोल डोकं, अंगठ्याने दाबलं की कागदावर सूर्य उगवल्यासारखं दिसतं.

डबा हातातून सुटला. बोटं जरा बधिर वाटतात हल्ली. पिना टाइल्सवर पांगल्या. दिसल्या तेवढ्या वेचल्या, राहिल्या असतील एक-दोन कपाटाखाली. पोस्टर छान लागलं. चपला बाहेर काढूनच आत यायचं, हा वाचनालयाचा नियम मी दवाखान्यालाही लावला आहे. फरशी स्वच्छ राहते.

४ मार्च, मंगळवार

एक गंमत. नव्या टाइल्स वाजतात. मी चाललो की टक्, मग काही नाही, मग टक्, मग काही नाही. एक पाऊल वाजतं, एक मुकं. गुरू-लघू, गुरू-लघू. मी नावं पुकारत टेबलापासून बाकापर्यंत जात होतो आणि पावलं ताल धरत होती. किती वर्षांनी!

नत्थूला म्हटलं, "टाइल पोकळ बसलीय कुठेतरी. ऐक."

त्याने चालून पाहिलं. वाजली नाही. "मास्तर, तुमच्यासाठीच वाजून राहिली ते. तुमी सरस्वतीपुत्र, आमी रिक्षावाले." मग माझ्याकडे जरा टक लावून पाहिलं, पण मी पुढचं नाव पुकारलं.

घरी आल्यावरही वाजलं. म्हणजे माझ्या घरची फरशीही सैल झाली आहे. घर जुनं होतंय.

५ मार्च, बुधवार

कौसल्याबाई गिरिधररावांना आणि नत्थूला घेऊन घरी आल्या. उद्या डॉ. मेघांचा शेवटचा प्रयत्न. कौसल्याबाईंचं म्हणणं, उद्या सगळ्यांसमोर पहिला पाय माझा. "गुरुजीनं पाय देला तं कोनाची मजाल आहे नाई म्हनाची?"

मी नाही म्हणालो. ज्या शिक्षकाने पोरींना ताठ उभं राहायला शिकवलं, त्याने डॉक्टर झालेल्या पोरीला पायाशी बसवायचं? तेही वस्तीसमोर?

कौसल्याबाईंनी पदर खोचला. "माह्या घरच्यानंबी असंच म्हनलं होतं. नर्सबाईले पाय दाखवाले त्याले लाज वाटे. फडकं गुंडाळून फिरे. मग सगळ्यायनंच पाहिला त्याचा पाय, टेबलावर, वेगळा." असं म्हणून त्या उठल्या. चहाही घेतला नाही.

नत्थू मागे राहिला. "मास्तर, तुमी बसले तं मी बसीन. पन पहिले तुमी." म्हणजे गेले तीन आठवडे तो माझ्याकडेच पाहत होता तर.

ठीक आहे. बसेन. लोकांसाठी.

९ मार्च, रविवार. सरकारी दवाखाना, खाट कोपऱ्यातली

थोडंच लिहितो.

गुरुवारी वाचनालय भरलं होतं. मी लहानसं भाषण केलं: जिच्या हातात विद्या आहे ती पायाशी बसली म्हणून लहान होत नाही, आपणच मोठे होतो. टाळ्या पडल्या. मग स्टुलावर बसलो आणि पाय पुढे केला.

डॉ. मेघांनी पाय हातात घेतला आणि त्या बोलेनाशा झाल्या. मला वाटलं, भाषणाने भारावल्या.  मग कौसल्याबाईंचा आवाज, "अवो माय!"

माझ्या डाव्या तळव्यात पितळी पिन होती. पूर्ण आत, नुसतं डोकं बाहेर. रविवारपासून. टाइल पोकळ नव्हती.

मी खाली पाहिलं आणि म्हणालो, "ही माझीच आहे. शाळेची." लोक सांगतात, मी असंच म्हणालो. मला आठवत नाही.

पिनेचं विशेष काही नाही, असं इथले डॉक्टर म्हणतात. ती निघाली. खरी भानगड करंगळीपाशी. चप्पल तिथे महिनाभर घासत होती. चावत होती, मला कळत नव्हतं एवढंच. आत पू आहे. शुगरचा आकडा ऐकून नर्सने दोनदा तपासलं.

१० मार्च, सोमवार

काल गिरिधरराव आणि डॉ. मेघा दोघंही भेटायला आले. खाटेच्या दोन बाजूंना उभे. गिरिधरराव म्हणाले, "आम्हाला वाटलं कॉलेजने तपासलं असेल." डॉ. मेघा म्हणाल्या, "मला वाटलं दीपमाळने." आणि दोघंही माझ्याकडे पाहू लागले. खरंच, दोघांनी विचारलं होतं आणि दोघांनाही मी मान हलवून हो म्हटलं होतं.

कौसल्याबाई पायथ्याशी डबा उघडत होत्या. "तुमी त्यायच्या भरवशावर, ते तुमच्या भरवशावर, आन् मी तुमच्या दोघायच्या. मले तं दिसत होतं, गुरुजी वाळून राहिले. तरी मी भाजी देऊन घरी गेली." डब्यात भाकरी आणि मेथी. साखरेचं काही नाही. "आता बोलून काय फायदा? जेवा."

 डॉ. मेघांनी माझ्या पायावरची चादर नीट केली.

१३ मार्च, गुरुवार

उद्या करंगळी काढणार. पाय वाचेल असं सर्जन म्हणतात. "बहुतेक" असं म्हणाले. मी आयुष्यभर मुलांना सांगितलं, की या शब्दाने उत्तर सुरू करू नका.

सुशील आला आहे.  मघाशी मी झोपलोय असं समजून त्याने माझी नवी चप्पल उचलली, आतून हात फिरवून पाहिला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

मला भीती वाटते. हे वहीशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

१६ मार्च, रविवार

करंगळी गेली. पाय आहे.

नत्थू आला होता. खाटेवर टेकून आधी इकडची तिकडची बोलला, मग म्हणाला, "मास्तर, गुरुवारी गेलतो मी. पाय दाखवला."

"बसू दिलंस डॉक्टरीनबाईंना खाली?"

"काय करता? कौसल्या दारात उभी होती." मग हळूच, "मी डोळे मिटून घेतले. पोरगी म्हने, मिटाचेच असतात." त्याच्या मागे रांग होती म्हणे, पार खांबापर्यंत. तिघांचे पाय लगेच इथल्या दवाखान्यात पाठवले. त्यात ती आशीर्वाद देऊन पळालेली आजीही आहे. ती शेजारच्याच वॉर्डात आहे आणि जेवणावरून नर्सशी भांडते.

म्हणजे माझं भाषण वाया गेलं. पिन कामाला आली.

१७ एप्रिल, गुरुवार

आज दीड महिन्याने वाचनालयात गेलो. काठी घेऊन, मऊ सोलच्या बुटात. कौसल्याबाईंनी माझा चपला काढायचा नियम मोडून काढला आहे. दारावर त्यांच्या अक्षरात पाटी: "शुगरवाल्यांनी पायात घालूनच आत यावे." फरशी मळलेली आहे. माझं काही चालत नाही.

गिरिधररावांनी सांगितलं, दवाखाना पुढचं वर्षभर तरी हलत नाही. आता दोन्ही संस्थांचं कार्ड एकच. आणि टेबलामागे बसणाऱ्याची तपासणी आधी, मग बाकावरच्यांची. हा नियम कुणी केला ते विचारावं लागलं नाही.

नावं पुकारायला बसलो. अक्षरं नव्या चष्म्यातून स्वच्छ दिसतात. पहिलंच नाव वाचलं, "प्रेमानंद गजभिये," आणि थांबलो. कुणी उठेना. नत्थू मागच्या बाकावरून ओरडला, "गैरहजर मांडा!" सगळे हसले.

"हजर," मी म्हणालो आणि स्टुलावर जाऊन बसलो.

डॉ. मेघा जमिनीवर बसल्या, माझा डावा पाय मांडीवर घेतला. मला अजून ते अवघड जातं. मी पाय मागे घेतला नाही. त्यांच्या हातात नायलॉनचा एक बारीक तंतू होता, माशाच्या गळाला असतो तसा. "सर, डोळे मिटा. तंतू लागला असं वाटलं की हो म्हणा."

मी डोळे मिटले. सगळी वस्ती बघतेय हे कळत होतं. काही लागत नव्हतं. त्या नक्की कुठेतरी टेकवत असणार, आणि मला नुसता अंधार. 'हो' सारखा जिभेच्या टोकाशी येत होता. अंदाजाने हो म्हणावं, दोन-चार तरी बरोबर येतील. वर्गातली कच्ची मुलं अशीच करायची आणि मी त्यांना उभं करायचो.

"सर?"

मी गप्प राहिलो. मान हलवली नाही.

मग बऱ्याच वेळाने टाचेच्या आतल्या बाजूला, अगदी कडेला, काहीतरी आलं. मुंगी चालावी इतकं हलकं.

"हो," मी म्हणालो.

"बरोबर," त्या म्हणाल्या.